म्हैस माजावर येईना, थायरॉईडसाठी अश्वगंधा चालतो काय?

येळ्ळूरकर_गोठा (१२ मे, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. तिसऱ्या वेताची म्हैस आहे. डिसेंबरात व्यायली, रेडी झाली, जार वेळेत पडली. दूध बरं आहे. पण पाच महिने झाले, माजाचं नाव नाही. रेतन करणारा दोनदा येऊन बघून गेला आणि "अजून गरम नाही" म्हणून चहा पिऊन गेला.

गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानात एकजण म्हणाला, थायरॉईड असेल, रक्त तपासा. माणसांच्याच लॅबमध्ये बाटली दिली. रिपोर्टात टी-फोर (थायरॉईडचं हार्मोन) ३.१, पुढं खाली तोंड केलेला बाण. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) जवळजवळ शून्य. आता गल्लीत सगळे सांगूलालेत की अश्वगंधा, मेथी, शेवगा, तुळस यांचा काढा द्या, थायरॉईड पण जाईल आणि माज पण येईल. नेटवर उंदरांवरचे प्रयोग पण दिसले. अर्क दिल्यावर हार्मोन्स वाढली म्हणे. द्यावा काय? दिला तर किती?

अज्जीचा_बटवा (१२ मे, रात्री १०.२०)

बिनधास्त द्या. आमच्या अज्जीनं चाळीस वर्षं जनावरं पाळली, एक इंजेक्शन टोचलं नाही. अश्वगंधा उष्ण, माज आणतोच. वर मोड आलेली मेथी नि गूळ.

जुना_पशुवैद्य (१२ मे, रात्री १०.४५)

जरा थांबा. येळ्ळूरकर, आधी तो रिपोर्ट उलटा करून ठेवा. त्यावरचा बाण माणसाच्या मापानं काढलाय. माणसात एकूण टी-फोर साधारण ५ ते १२ धरतात. कुत्र्यात १ ते ४. म्हणजे त्याच लॅबमध्ये तुम्ही गल्लीतली दहा ठणठणीत कुत्री नेलीत तर दहाही 'थायरॉईडची रोगी' निघतील. म्हशीला म्हशीचं माप लावायला पाहिजे.

टीएसएचचं तर त्याहून वाईट. टी-फोर हा रेणू माणसात, म्हशीत, उंदरात एकच आहे, त्यामुळे आकडा तरी काहीतरी सांगतो. टीएसएच हे प्रथिन. प्रत्येक प्राण्यात त्याची घडण थोडी वेगळी. माणसाच्या किटला म्हशीचं टीएसएच ओळखूच येत नाही, म्हणून शून्य आलं. ते शून्य म्हशीचं नव्हे, किटचं आहे.

शिवाय रक्त कधी काढलं? मे महिन्यात, दुपारी? उन्हाच्या ताणात जनावर स्वतःहून थायरॉईड मंद करतं, अंगात उष्णता कमी तयार व्हावी म्हणून. तो रोग नव्हे.

येळ्ळूरकर_गोठा (१२ मे, रात्री ११.०५)

दुपारी दीडला काढलं हो डॉक्टरसाहेब. ४८० रुपये गेले.

कारवान_मुधोळ (१३ मे, सकाळी ७.१५)

धागा वाचून दचकलो. माझ्या कारवान (मुधोळ) कुत्रीचा टी-फोर ०.९ आलाय. नऊ महिने झाले, रक्तस्राव नाही, माज नाही. इथल्या एकानं माणसांच्या थायरॉईडच्या गोळ्या सुरू करा म्हणून सांगितलं. मी चार दिवस दिल्या पण. आता काय?

जुना_पशुवैद्य (१३ मे, सकाळी ८.००)

गोळ्या आपल्या मनानं देऊ नका. ज्यांच्याकडं दाखवताय त्यांना फोन करा आणि चार दिवस दिल्याचं लपवू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ग्रेहाउंड, सालुकी, व्हिपेट ही नजरेनं शिकार करणारी, सडसडीत, पळणारी जात. त्यांचा टी-फोर मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतो आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. मुधोळ त्याच बांध्याचा कुत्रा. २०१६ साली लष्करानं याच जातीची पिल्लं मेरठला प्रशिक्षणाला नेली, त्यांचा काटकपणा बघूनच की! त्याला लॅब्रेडॉरच्या तराजूत घालून 'कमी' म्हणणं बरं नव्हे. कुत्र्यांसाठी वेगळी टीएसएच चाचणी असते, ती आणि फ्री टी-फोर (रक्तात मोकळा फिरणारा टी-फोर) दोन्ही करून घ्या. त्याआधी तिला फिटचं किंवा सल्फाचं औषध, स्टेरॉइड चालू होतं का तेही सांगा, ही औषधं टी-फोर खाली ओढतात.

एक खरं की कुत्रीत थायरॉईड खरोखर मंद असला तर माज लांबतो, कळा मंद पडतात, पिल्लं वजनानं कमी आणि जन्मताना मरण्याचं प्रमाण जास्त. पण नऊ महिन्यांचं अंतर काही माद्यांत नैसर्गिकही असतं.

कारवान_मुधोळ (१३ मे, सकाळी ८.१२)

फिटचं औषध चालू आहे की! दोन वर्षं झाली. कुणी विचारलंच नाही.

जुना_पशुवैद्य (१३ मे, सकाळी ८.१५)

घ्या.

उंदीरमामी (१३ मे, रात्री ९.३०)

मूळ निपाणीची, सध्या धारवाडला. थायरॉईड बिघडवलेल्या उंदरांवर वनस्पतींचे अर्क हेच माझं रोजचं काम, म्हणून घरात हे नाव पडलं. येळ्ळूरकरांनी नेटवर जे वाचलं ते खोटं नाही, पण ते कसं तयार होतं ते सांगते.

आम्ही उंदराच्या पाण्यात पीटीयू नावाचं औषध घालतो. थायरॉईडमध्ये आयोडीन पकडून हार्मोन जुळवणारं एन्झाइम ते बंद पाडतं. तीन-चार आठवड्यांत टी-फोर तळाला जातो. मग मेंदू ओरडायला लागतो: टीएसएच सोडायला लावणारं टीआरएच वाढतं, टीएसएच वाढतं आणि टीआरएचच्या धक्क्यानं प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) पण वाढतं. प्रोलॅक्टिन वाढलं की जीएनआरएच, म्हणजे माजाची साखळी सुरू करणारं मेंदूतलं हार्मोन, दबतं. ते दबलं की अंडाशय-वृषण चालवणारी एलएच, एफएसएच ही हार्मोन्स कमी, आणि त्यांच्या मागोमाग इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, नरात टेस्टोस्टेरॉन. थायरॉईड आणि माज यांची दोरी अशी बांधलेली आहे. तुमच्या गल्लीतल्या लोकांचा अंदाज त्या अर्थानं अगदीच वाऱ्यावरचा नाही.

उंदरीचं चक्र चार-पाच दिवसांचं. रोज सकाळी योनीतलं पाणी काचपट्टीवर घेऊन बघायचं, कुठल्या पेशी आहेत यावरून दिवस ओळखायचा. पीटीयूवर ती एकाच अवस्थेत अडकून बसते. आठ-आठ दिवस तीच काचपट्टी, तेच चित्र. आणि अर्क दिलेल्या गटातली एखादी सकाळी अचानक पुढं सरकलेली दिसते. खोटं कशाला बोलू, आनंद होतो.

पण ती उंदरी आजारी पडली कशानं? आमच्याच औषधानं. पीटीयू आणि अर्क एकत्र चालू असतात. सुधारणा झाली तर ती अर्कानं थायरॉईड जागवल्यामुळं, की अंडाशयातलं ऑक्सिडेशनचं नुकसान कमी झाल्यामुळं, की अर्कानं पीटीयूचाच परिणाम बोथट केल्यामुळं, हे वेगळं काढणं फार अवघड. तुमच्या म्हशीला कुणी पीटीयू पाजलेलं नाही.

अज्जीचा_बटवा (१३ मे, रात्री ९.५५)

म्हणजे गुण येतो हे मान्य की!

उंदीरमामी (१३ मे, रात्री १०.३०)

काका, कुठल्या दिशेनं येतो ते बघा. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात १९९८ ते २००० च्या सुमारास हे काम बरंच झालं. अश्वगंधाच्या मुळीच्या अर्कानं नर उंदरांत टी-फोर वाढला. तुळशीच्या पानांनी टी-फोर कमी झाला. मेथीच्या बियांनी टी-थ्री (टी-फोरपासून बनणारं थायरॉईडचं हार्मोन) कमी केला आणि टी-फोर वाढवला, म्हणजे एकातून दुसरा तयार होतो ती वाटच अडवली. शेवग्याच्या पानांनी माद्यांत टी-थ्री कमी झाला, नरांत फरक नाही. आता येळ्ळूरकरांचा काढा बघा: अश्वगंधा, मेथी, शेवगा, तुळस. एकाच गाडीला एक बैल पुढं नि तीन मागं जुंपलेत.

आणि मात्रा. अश्वगंधा दिला होता किलोमागे १.४ ग्रॅम, वीस दिवस. साडेतीनशे किलोच्या म्हशीला सरळ गुणलं तर रोज ४९० ग्रॅम. अर्धा किलो मुळी! दोन म्हशींचं दूध त्यातच जाईल. उलट मेथीची मात्रा किलोमागे ०.११ ग्रॅम होती, म्हणजे म्हशीला ३८ ग्रॅम, मूठभर. असा सरळ गुणाकार करायचा नसतो, मोठ्या जनावराची चयापचयाची गती वेगळी. वर म्हशीच्या पहिल्या पोटात जिवाणूंचा एवढा मोठा हंडा उकळतोय, तो अर्काचं काय करतो हे उंदराला विचारून कळत नाही.

कडोली_भाजीवाला (१४ मे, दुपारी १.१०)

मी साधा प्रश्न विचारू? येळ्ळूरकर, म्हस खाती काय?

येळ्ळूरकर_गोठा (१४ मे, दुपारी २.००)

कडबा, उसाचं वाडं, सरकी पेंड, थोडी सोयाबीनची चुणी. आणि फेब्रुवारीपासनं कोबी. दर पडला तेव्हा पाव्हण्यांनी दोन ट्रॉल्या नुसत्याच दिल्या. त्यानंतर पण बाजारातनं पाला आणतोय. फुकटात मिळतो की.

कडोली_भाजीवाला (१४ मे, दुपारी २.०५)

वाटलंच मला. आमच्याकडं कोबीचा दर पडला की पहिला म्हशीचा फायदा नि मग म्हशीचं नुकसान. दुधाला वास येतो ते वेगळंच, डेअरीवाला नाक मुरडतो.

जुना_पशुवैद्य (१४ मे, रात्री ९.१५)

कडोलीकरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, नवलकोल या सगळ्यांत ग्लुकोसिनोलेट असतात. पानं चावली, कुजली की त्यातून थायोसायनेट आणि गॉयट्रिन तयार होतं. थायोसायनेट थायरॉईडमध्ये आयोडीन शिरू देत नाही. गॉयट्रिन आमच्या उंदीरमामीच्या पीटीयूसारखंच, आतलं एन्झाइम अडवतं. म्हणजे पीटीयू पाजलं नाही म्हणता, पण त्याचा चुलतभाऊ गव्हाणीत आहे! सोयाबीनमधली आयसोफ्लेव्होनही त्याच एन्झाइमला त्रास देतात आणि वर स्वतः इस्ट्रोजेनची नक्कल करतात. कोवळ्या ज्वारीतलं सायनाइड जनावर पचवतं तेव्हा त्याचंही थायोसायनेटच होतं.

आता घाबरून कोबी गटारात टाकू नका. आहारात आयोडीन पुरेसं असेल तर थायोसायनेटवर मात करता येते. दुभत्या जनावराला कोरड्या चाऱ्याच्या किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम आयोडीन लागतं, असला चारा असेल तर जास्त. गॉयट्रिन मात्र आयोडीनला तेवढं दबत नाही. मीठ कुठलं देता?

येळ्ळूरकर_गोठा (१४ मे, रात्री ९.२०)

खडे मीठ. पोत्यातलं.

जुना_पशुवैद्य (१४ मे, रात्री ९.४०)

माणसाच्या खाण्याचं मीठ आयोडीनयुक्तच विकायचं हा नियम २००६ पासून पुन्हा लागू झाला. जनावराच्या खडे मिठाला तो लागत नाही. त्या पोत्यात आयोडीन जवळजवळ नसतंच. खनिज मिश्रण द्या, ज्यावर आयोडीन, सेलेनियम, तांबं, जस्त लिहिलंय असं. सेलेनियम मुद्दाम म्हणतोय, टी-फोरचं टी-थ्री करणाऱ्या एन्झाइमला ते लागतं.

येळ्ळूरकर_गोठा (१४ मे, रात्री ९.५०)

पिशवीवर सगळं कानडीत. पोराला वाचायला लावतो, त्याला शाळेत आहे कानडी.

अज्जीचा_बटवा (१४ मे, रात्री १०.१०)

डॉक्टरसाहेब, मुळा वाईट म्हणता. मग एनडीडीबीवालेच (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) गाभण न राहणाऱ्या गाईला मुळा, कोरफड, शेवगा, हाडजोड, कढीपत्ता द्या म्हणून सांगतात ते कसं?

जुना_पशुवैद्य (१४ मे, रात्री १०.३५)

चांगला प्रश्न, आणि प्रामाणिकपणे विचारलात. ती पद्धत मीही वापरलेली आहे. पण नीट बघा: माज आल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू करायची, रोज एक मुळा फक्त पाच दिवस, मग कोरफड चार दिवस, मग शेवगा चार दिवस, असं एकामागून एक. पाच मुळ्यांनी थायरॉईड बसत नाही. तीन महिने रोज टोपलीभर कोबीनं बसू शकतो. आणि ती पद्धत माजावर येऊन उलटणाऱ्या (रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या) जनावराची आहे. यांच्या म्हशीचा माजच दिसत नाही.

खानापूर_रानवाट (१५ मे, सकाळी ६.२०)

मी बरेच दिवस नुसता वाचक. आज लिहावं लागतंय. माझ्या शेळ्यांची या वर्षी पाच करडं मेली. दोन अंगावर केस नसलेली, नुसती गुलाबी कातडी. गळ्याला दोन्ही बाजूंनी सुपारीएवढ्या गाठी. एक जन्मताच गेलं, एक उभंच राहिलं नाही. लोक म्हणाले नजर लागली. बायकोनं मिरच्या ओवाळल्या. शेळ्यांना सुबाभूळ भरपूर, बांधाला लावलेलं आहे, शिवाय बेळगावहून येणाऱ्या गाडीतला कोबी.

जुना_पशुवैद्य (१५ मे, सकाळी ७.०५)

रानवाट, या धाग्यात खरा थायरॉईडचा रोग तुमच्याकडं दिसतोय मला.

बिनकेसाचं, अशक्त करडू आणि जन्मतःच गळ्याला गाठ, हे आयोडीनच्या कमतरतेचं पुस्तकी चित्र आहे. शेळी वरून ठीक दिसते, पण पोटातल्या करडाला आयोडीन पुरत नाही. खानापूरच्या पावसात डोंगरउताराच्या जमिनीतलं आयोडीन वाहून जातं, त्यात कोबी आणि सुबाभूळ. सुबाभळीत मायमोसीन असतं, पोटात त्याचं डीएचपी नावाचं द्रव्य होतं आणि ते थायरॉईडला अडवतं. केस जाणं हेही मायमोसीनचंच काम. आपल्याकडं उरळीकांचनच्या बायफ संस्थेनं सुबाभूळ खेडोपाडी पोचवलं, चारा म्हणून ते सोनं आहे, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये. ऑस्ट्रेलियात याच कारणानं गुरं आजारी पडायची. तिथल्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातला, डीएचपी पचवणारा जिवाणू नेऊन गुरांना दिला तेव्हा त्रास थांबला.

एक वेगळी गाठ पण असते. आठवड्याभरानंतर, छान दूध पिणाऱ्या गुटगुटीत करडाच्या गळ्याला मऊ सूज येते, ती थायमस ग्रंथीची, आपोआप जाते. तिला आयोडीन देत बसू नका. तुमची करडं ती नव्हेत.

उद्याच जवळच्या दवाखान्यात जा. पुढचं करडू मेलं तर टाकू नका, गळ्याची गाठ तपासायला नेता येते. आणि अंगावर टिंक्चर आयोडीन फासून घ्या असं कुणी सांगितलं तर मात्रा त्यांनाच ठरवू द्या, जास्तीचं आयोडीनही थायरॉईड बंद पाडतं.

खानापूर_रानवाट (१५ मे, सकाळी ७.३०)

मिरच्या ओवाळल्याचं उगाच लिहिलं.

उंदीरमामी (१५ मे, सकाळी ९.००)

उगाच कशाला? माझी उंदरं मेली तेव्हा सासूबाईंनी मलाच ओवाळलं होतं.

जुना_पशुवैद्य (१५ मे, रात्री ९.१०)

येळ्ळूरकर, तुम्हाला त्याच लॅबचा एक उपयोग सांगतो. प्रोजेस्टेरॉन (माज होऊन गेल्यावर अंडाशयातून वाढणारं हार्मोन) पण टी-फोरसारखंच, सगळ्या प्राण्यांत एकच रेणू. दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा रक्त द्या. दोन्ही वेळा १ च्या खाली आलं तर अंडाशय खरंच झोपलंय. एकदा कमी नि एकदा जास्त आलं तर म्हैस चक्रात आहे, आणि तुम्हाला माज दिसत नाही एवढंच. म्हशीचा मुका माज बहुतेक रात्री-पहाटे असतो, ओरडत नाही, उड्या मारत नाही. उन्हाळ्यात तर विचारू नका. कोबी हळूहळू बंद, मिश्रण सुरू. काढा नको.

येळ्ळूरकर_गोठा (२९ मे, रात्री ८.४५)

रिपोर्ट आले. १८ तारखेला ०.४, काल २८ ला २.८.

जुना_पशुवैद्य (२९ मे, रात्री ९.००)

म्हणजे मधल्या दिवसांत माज येऊन गेला. साधारण २०-२३ च्या आसपास. थायरॉईडनं माज बंद पाडलेला नाही. माज होता, बघणारं कुणी नव्हतं.

येळ्ळूरकर_गोठा (२९ मे, रात्री ९.३०)

आईला आत्ता विचारलं. ती म्हणाली, "बुधवारी झाडताना शेपटीखाली काचेसारखी सोट लोंबत होती की. दूध पण अर्ध्यावर आलं होतं त्या दिवशी." मी म्हटलं सांगितलं का नाहीस. म्हणाली, "तू मोबाईलवर उंदीर बघूलाला होतास."

कडोली_भाजीवाला (२९ मे, रात्री ९.३२)

😂😂 आईंना इथं खातं काढून द्या.

अज्जीचा_बटवा (२९ मे, रात्री १०.००)

मी अजून म्हणतो, अश्वगंधानं काही बिघडलं नसतं. पण ४९० ग्रॅमचा हिशोब मी केला नव्हता, ते खरं.

जुना_पशुवैद्य (२९ मे, रात्री १०.१०)

पुढचा माज २१ दिवसांनी, १० ते १३ जून. त्या चार रात्री झोपायचं नाही.

कारवान_मुधोळ (६ जून, संध्याकाळी ७.२०)

आमचा निकाल: फ्री टी-फोर ठीक, कुत्र्याच्या किटवरचं टीएसएच ठीक. गोळ्या बंद. आणि परवा मादी माजावर आली. नऊ महिने आणि वीस दिवस. डॉक्टर म्हणाले हिचं चक्रच तेवढं असावं.

येळ्ळूरकर_गोठा (१३ जून, सकाळी ११.१५)

सापडला! काल पहाटे साडेचारला आईनंच उठवलं. सोट पडली होती, शेजाऱ्याचा रेडा दावं तोडायला बघत होता, ही मात्र शांत रवंथ करत उभी. संध्याकाळी रेतन झालं. रेतनवाला म्हणाला, "गरम आहे की आज." मी काही बोललो नाही, चहा दिला.

तपासणी सप्टेंबरात. तोवर २१ व्या दिवसाच्या आसपास उलटते का बघायचं आहे. रात्री अकराची पाळी माझी, पहाटेची आईची. रानवाट, तुमच्या शेळ्यांचं काय झालं ते लिहा.

खानापूर_रानवाट (१३ जून, रात्री ८.०५)

गाठ तपासायला दिली होती, आयोडीनचीच कमतरता निघाली. सुबाभूळ निम्मं केलंय, शेळ्यांसाठी मिश्रण आणि आयोडीनवालं मीठ चालू. चार गाभण आहेत, दिवाळीच्या आधी वितील. पहिल्या करडाचा फोटो इथंच टाकतो, केस असले तरी, नसले तरी.